सोडलेल्या ओळी

"ह्याचा निकाल कवा लागणार म्हणायचा?" असं मामांनी मुंबईच्या हॉस्पिटलात, नव्या औषधाच्या ट्रायलमधे, म्हणजे पेशंटांवरच्या चाचणीत, भाग घ्यायचा का याची बोलणी चालू असताना विचारलं तेव्हा समोरच्या तरुण डॉक्टरांना वाटलं की ते स्वतःच्या रिपोर्टबद्दल विचारतायत. ते म्हणाले, ठराविक महिन्यांनी स्कॅन होईल, तुम्हाला सांगत जाऊ आम्ही. मामा म्हणाले, "माझा न्हाई ओ. ह्या सगळ्याचा. नवीन औषध चांगलं का जुनंच बरं होतं, त्याचा." डॉक्टर जरा थांबले. मग म्हणाले की आजार हळू वाढणारा आहे, त्यामुळं आधी पेशंट भरायलाच दोन-तीन वर्षं जाणार, मग पुढं चार-पाच वर्षं लक्ष ठेवायचं, सात-आठ वर्षं धरून चाला. सत्तरी ओलांडलेले माझे मामा त्यावर मोठ्यानं हसले. "मंग तवा मला निकाल सांगायला कोण येणार, चित्रगुप्त?" खोलीतले सगळे हसले, डॉक्टर हसले, ट्रायलची कोऑर्डिनेटर मुलगी हसली, मामीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले असणार. पण परतीच्या गाडीत बसल्यापासून ते वाक्य डोक्यातून जाईना. सांगलीत आल्यावर बँकेत व्हाउचर तपासताना, विश्रामबागच्या सिग्नलला उभं असताना, रात्री कुकर लावताना मधेच ते यायचं. विनोद म्हणून चांगलाच होता, पण प्रश्न खरा होता, आणि त्या खोलीत त्याचं उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

मामांचं गाव तासगावच्या पुढं. पाण्याची टंचाई, टँकर, मग कालव्याचं पाणी, त्याच्यावर द्राक्षं, हे सगळं बघितलेला माणूस. गाठ सापडली ती त्यांच्या न्हाव्याला, दाढी करताना मानेला हात लागला तेव्हा. मामा म्हणाले असंल काहीतरी, छाटणी होऊ दे. छाटणी झाली, घड औषधात बुडवायचं डिपिंग झालं, माल गेला, मग मिरजेला. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा, पण गाठीचा तुकडा काढून त्याच्यावर सगळ्या टेस्टा होऊन कागद हातात यायला वेळ गेला. फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. कॅन्सर हा शब्द ऐकून मामीनं तिथंच बाकावर बसकण मारली आणि डॉक्टर म्हणाले, हा हळू चालणारा आहे, काही त्रास नसेल तर आत्ता काहीच करायचं नाही, फक्त बघत राहायचं. मला आठवतंय, मामीला कॅन्सरपेक्षा त्या "काहीच करायचं नाही"चा राग जास्त आला होता. कॅन्सर म्हणायचं आणि घरी पाठवायचं? पैशे नाहीत असं वाटलं का त्यांना? मामा मात्र खूश. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर.

मग सुरू झाली ती वर्षं, जी बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं फार अवघड आहे. घरात कॅन्सर आहे आणि कॅन्सरवाला माणूस बांधावर उभा राहून पाइपलाइनवरनं भावकीशी भांडतोय. पाहुणे भेटायला यायचे ते पडका चेहरा करून, आणि मामाच त्यांना बेदाणे खायला घालून परत पाठवायचे. प्रत्येक जण काहीतरी घेऊन यायचा. सांगली म्हटल्यावर हळद तर आलीच, भौगोलिक मानांकन मिळालेली आमची हळद, ती दुधातून, मधातून, काळ्या मिरीबरोबर. कुणी गुळवेल. वाळव्याकडच्या एका पाहुण्यांनी कुठल्याशा वैदूचा काढा आणला, काळाकुट्ट, वास असा की मांजर घर सोडून गेलं. आणि गंमत म्हणजे त्या उन्हाळ्यात मामांची मानेची गाठ खरोखरच लहान झाली. न्हाव्यानंच सांगितलं. झालं, त्या पाहुण्यांना काय विचारता, लग्नकार्यात, माळावरच्या जत्रेत, जिथं भेटतील तिथं, "दाजींची गाठ आपल्या काढ्यानं बसली."

मीसुद्धा विश्वास ठेवायला निघाले होते. रात्री फोनवर वाचत बसायची सवय तेव्हाचीच. त्यात एक जुना अभ्यास सापडला, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा, १९८४ साली छापलेला. तिथल्या डॉक्टरांनी असल्याच हळू चालणाऱ्या लिम्फोमाचे, सुरुवातीला औषध न दिलेले ८३ पेशंट बघितले होते, आणि त्यातल्या १९ जणांच्या गाठी आपोआप लहान झाल्या होत्या. काही न देता. कुठलाही काढा न पिता. जवळजवळ चारात एक. हे वाचून मला आधी आनंद झाला आणि मग लगेच एक विचित्र अस्वस्थपणा आला, कारण याचा अर्थ या आजारात कुणीही काहीही दिलं तरी चारातला एक जण छातीवर हात ठेवून सांगणार की मला गुण आला. आणि तो खोटं बोलत नसणार. काढेवाला फसवत असेलच असंही नाही, त्याला स्वतःलाच फसायला झालेलं असतं. आजार जितका हळू, तितकी फसायला जागा जास्त.

हे मी मामांना सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "आगं टॉनिकवाल्यांचं असंच असतंय की."

द्राक्षाच्या पट्ट्यात दर हंगामाला कुठल्या ना कुठल्या कंपनीचा पोरगा मोटरसायकलवर येतो, बॅगेत बाटल्या, कुणाची बाग हिरवीगार झाली त्याचे फोटो मोबाइलमधे. मालाला फुगवण येते, घडाला चकाकी येते, भुरी रोग येत नाही, सगळं येतं आणि जातं. मामांची पहिल्यापासूनची सवय अशी की कुठलंही नवीन औषध सगळ्या बागेवर मारायचं नाही. प्लॉटच्या मधल्याच दोन ओळी सोडायच्या. कडेच्या सोडायच्या नाहीत, कडेला वारं वेगळं, ऊन वेगळं, पाणी वेगळं. बाकी सगळं तेच, खत तेच, छाटणी तीच, माणसं तीच, फक्त ते एक औषध त्या दोन ओळींना नाही. आणि घड तोडताना जो माणूस वजन करतो त्याला सांगायचं नाही कुठल्या ओळीचं क्रेट आहे ते, कारण गडी मालकाचं तोंड बघून काटा वाचतात, असं त्यांचं म्हणणं. शेजारचे हसायचे. सोडलेल्या ओळींवर डाऊनी रोग आला की म्हणायचे, दाजी, हातानं नुकसान करून घेताय. एका वर्षी खरंच मोठं नुकसान झालंही. पण मामांच्या कपाटात वह्या आहेत, कुठलं औषध कधी मारलं, सोडलेल्या ओळींना किती माल निघाला, सगळं पेनानं. ते दहावी नापास आहेत. मी एम.कॉम. झालेली बाई, मला हे सगळं इंग्रजीत वाचल्यावर कळलं आणि त्यांना ते द्राक्षाच्या मांडवाखाली उभं राहून कळलं होतं.

पुढं गाठी पोटात वाढल्या, घाम यायला लागला, वजन उतरलं, आणि औषध सुरू करावं लागलं. बेंडामस्टिन आणि रिटक्सिमॅब. यातल्या रिटक्सिमॅबचं नाव आता खूप जणांना माहीत असतं. १९९७ मधे अमेरिकेत परवानगी मिळाली ती याच हळू चालणाऱ्या लिम्फोमासाठी, पेशीच्या अंगावरच्या सीडी-ट्वेंटी नावाच्या खुणेला जाऊन चिकटणारं औषध, आणि २००७ मधे हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनी त्याची आपल्याकडची आवृत्ती काढली म्हणून ते आमच्यासारख्यांच्या टप्प्यात तरी आलं. पहिल्या सलाइनला मामांना अशी थंडी वाजली की कॉट हलत होती, तीन चादरी घातल्या, सिस्टरनी सलाइन थांबवलं, मग थेंबाथेंबानं पुन्हा सुरू केलं. पहिल्या वेळी असं होतं म्हणे बऱ्याच जणांना. पण केस गेले नाहीत. गावाकडं ही फार मोठी गोष्ट आहे. केस न गेल्यामुळं निम्म्या गावाला आजही वाटतं की मामांना कॅन्सर नव्हताच, डॉक्टरांनी पैसे उकळले.

त्या बेंडामस्टिनची गोष्ट मला फार आवडते. पूर्व जर्मनीत, येना गावात, १९६३ च्या सुमारास ते बनवलं गेलं. त्याचा रासायनिक पूर्वज म्हणजे पहिल्या महायुद्धातला मस्टर्ड गॅस. त्या वायूनं पांढऱ्या पेशी मरतात हे लक्षात आल्यावर १९४२ मधे येल विद्यापीठात त्याच्या भावंड-रसायनानं एका लिम्फोमाच्या पेशंटवर पहिल्यांदा इलाज करून बघितला होता. तर हे बेंडामस्टिन भिंतीच्या पलीकडंच राहिलं, पूर्व जर्मनीत वापरत होते पण बाकी जगाला त्याचं काही नाही. भिंत पडल्यावर हळूहळू लोकांचं लक्ष गेलं, आणि मग २००३ ते २००८ या काळात जर्मनीतल्या ८१ ठिकाणी पेशंट घेऊन रीतसर तुलना झाली. एका बाजूला जुनी चॉप नावाची चार औषधं अधिक रिटक्सिमॅब, दुसऱ्या बाजूला हे अधिक रिटक्सिमॅब. चॉपमधलं एक औषध आपल्या सदाफुलीतून निघतं, मामीच्या न्हाणीघरामागं ढीगभर उगवलेली असते ती. निकाल २०१३ मधे छापून आला. आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा मधला काळ नव्या बाजूला ६९.५ महिने, जुन्या बाजूला ३१.२. दुपटीहून जास्त, आणि केसही जात नाहीत.

मी हे वाचत होते तेव्हा मामा ओसरीवर झोपले होते, डोक्यावर केस, तोंड उघडं. जर्मनीतल्या कुठल्यातरी गावातल्या म्हाताऱ्या बायका-पुरुषांनी सह्या केल्या होत्या म्हणून. त्यातल्या निम्म्यांना चॉप मिळालं होतं. त्यांचे केस गेले.

तर मूळ मुद्द्यावर येते. आजार परत आला, आणि मुंबईच्या हॉस्पिटलात ट्रायलबद्दल विचारलं गेलं. रिटक्सिमॅब आणि लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल दोन्ही बाजूंना, आणि त्याच्यावर एका बाजूला तिसरं नवीन औषध, दुसऱ्या बाजूला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कोण कुठं जाणार ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरांनाही कळणार नाही. म्हणजे बिनऔषधाचं कुणीच राहणार नव्हतं, हे मामीला समजावताना माझा घसा कोरडा पडला. तिच्या डोक्यात एवढंच बसलेलं की निम्म्यांना पाणी देतात. आमच्या भावकीतल्या एकानं तर तोंडावर सांगितलं, "तुमचा उंदीर करत्यात दाजी." असं म्हणणाऱ्याला उडवून लावणं सोपं आहे पण मला ते जमत नाही, कारण आपल्याकडं ट्रायलच्या नावाखाली गरिबांना अंधारात ठेवल्याच्या तक्रारी झाल्यात, सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्यात, आणि २०१३ मधे नियम कडक झाले ते काही कुणाच्या चांगुलपणानं नव्हे. ज्या देशात साध्या ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर नातेवाइकांची सही न वाचता घेतात तिथं संशय आला तर चूक काय.

आणि लेनालिडोमाइड तरी काय सोवळं आहे? ते थॅलिडोमाइडचं पोर. पश्चिम जर्मनीत १९५७ साली झोपेचं औषध म्हणून आलेलं, गरोदर बायकांना उलट्यांसाठी दिलेलं, आणि हातपाय नसलेली हजारो बाळं जन्मल्यावर १९६१ मधे बंद केलेलं. तेच घराणं पुढं कॅन्सरमधे कामाला आलं. म्हणून कॅप्सूल उघडायची नाही, गरोदर बाईनं हात लावायचा नाही, असं दहा वेळा बजावतात. मामांची सून तेव्हा दिवसांत होती. मामीनं त्या कॅप्सूलचा डबा देवघरावरच्या फळीवर, कुणाचा हात पोचणार नाही असा ठेवला आणि सुनेला देवघरातच यायला बंदी केली, पूजासुद्धा नको म्हणाली. सून मनातनं खूश असावी असा माझा अंदाज.

दोन औषधांची ही जोडी मात्र चांगली, त्याचा पुरावा आहे. २०१९ मधे निकाल आला, ३५८ पेशंट, आजार परत आलेले. नुसतं रिटक्सिमॅब आणि खोट्या कॅप्सूल घेणाऱ्यांमधे आजार लांब राहिल्याचा मधला काळ १४.१ महिने होता, खऱ्या कॅप्सूल घेणाऱ्यांमधे ३९.४ महिने. हे असे दशांशातले आकडे वाचताना मी बँकेतल्या सवयीनं बरोबर-चूक बघत जाते, आणि मग अचानक लक्षात येतं की १४.१ हा आकडा तयार व्हायला खोट्या कॅप्सूल गिळणारी माणसं लागलीत. दर महिन्याला तीन आठवडे, न चुकता, पाण्याबरोबर. आणि दरवेळी चांगलंच निघतं असंही नाही. पहिल्याच उपचाराला हीच जोडी किमोपेक्षा सरस ठरेल या आशेनं हजारावर पेशंटांची मोठी ट्रायल झाली, २०१८ मधे निकाल आला, तर दोन्ही बाजू जवळपास सारख्या. कुणी जिंकलं नाही. पेपरात असल्या निकालाची बातमी येत नाही.

तिसरं औषध घालण्याचं तर अजूनच. आयडेलालिसिब नावाची गोळी होती, एकटीनं चांगली चाललेली, २०१४ मधे अमेरिकेत परवानगी मिळालेली. मग वाटलं की रिटक्सिमॅब चांगलं, लेनालिडोमाइड चांगलं, ही गोळी चांगली, तिन्ही एकत्र दिली तर काय बहार. पहिल्या मोजक्याच पेशंटांमधे इतके भयंकर दुष्परिणाम झाले की तो बेत गुंडाळावा लागला. पुढं त्या गोळीच्या दुसऱ्या जोड्यांमधेही इन्फेक्शननं माणसं दगावली, २०१६ मधे कितीतरी ट्रायली थांबवल्या, शेवटी या आजारासाठीची परवानगीच परत घेतली. उलट टॅफासिटामॅब नावाचं दुसरं एक औषध याच जोडीवर तिसरं म्हणून घातलं, ५४८ पेशंट, १३.९ महिन्यांचे २२.४ झाले, २०२५ मधे परवानगी मिळाली. आधी कुणाला सांगता आलं असतं यातलं कुठलं तरेल आणि कुठलं मारेल? मी मामांना आयडेलालिसिबचं सांगावं की नाही यावर बराच विचार केला, घाबरतील म्हणून. शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "टाकीत कालवल्यावर औषध फाटतंय की. दोन्ही नामांकित कंपनीची असली तरी फाटतंय. बादलीत थोडं कालवून बघायचं आधी, एवढंच." मग थोड्या वेळानं, "त्या बादलीतल्या माणसांचं काय झालं म्हणालीस?"

सांगता आलं नाही मला नीट.

फॉर्मकडं येते. ट्रायलचा मराठी फॉर्म जाडजूड होता आणि तो मराठीत होता असं म्हणणं धाडसाचं आहे, पण कोऑर्डिनेटर मुलगी गुणी होती, कराडकडची, ती प्रत्येक पान आमच्या भाषेत सांगत होती. संमतीच्या रेकॉर्डिंगसाठी कॅमेरा लावला होता. मामांनी त्यासाठी टोपी नीट केली. शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, असे रकाने. उत्पन्नाला मामा म्हणाले, "माल गेल्यावर का पाऊस पडल्यावर?" आणि मग नॉमिनीचं नाव. मी रोज बँकेत नॉमिनीचे फॉर्म बघते, बोट ठेवून सांगते, काका इथं नाव, इथं नातं, इथं सही. हा रकाना वेगळ्याच कारणासाठी होता. ट्रायलमुळं मृत्यू आला तर भरपाई कुणाला द्यायची. त्या भरपाईचं सरकारी सूत्र मी नंतर बघितलं. मूळ रक्कम ८ लाख, तिला वयाचा एक आकडा गुणायचा, जोखमीचा एक आकडा गुणायचा, आणि मग ९९.३७ नं भागायचं. जोखमीचा आकडा ०.५ पासून ४ पर्यंत, म्हणजे माणूस तसाही थोड्या महिन्यांचाच सोबती असेल तर ०.५ आणि ठणठणीत असेल तर ४. हिशेब म्हणून बरोबर आहे. कुणीतरी तो टेबलाशी बसून केला असेल, बहुधा माझ्यासारख्याच कुणीतरी. मामांनी मामीचं नाव सांगितलं, माहेरचं की सासरचं यावर दोघांचं थोडं वाजलं, आणि मामी एकदम म्हणाली, "मला नगं त्यातलं काही. पोराचं नाव घाला." कॅमेरा चालूच होता. मामा म्हणाले, "तुझंच नाव हाय. बस गप."

सही त्या दिवशी केली नाही. घरी जाऊन विचार करा असं त्या मुलीनंच सांगितलं, आणि हे मला फार बरं वाटलं.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं परत येताना आमच्या डब्यात मिरजेचं एक जोडपं होतं, बाईच्या डोक्याला स्कार्फ. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत महिनाभर राहून चाललेले. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागातून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत अशी माणसं नेहमी असतात, हातात ती मोठी फिल्मची पिशवी, जेवणाचा डबा, आणि उतरायच्या आधीच दाराशी उभी राहिलेली. मामांनी त्यांना विचारलं तुमी घेतलाय का भाग असल्या कशात. बाई म्हणाल्या, आमच्या आजाराला तसलं काही चालू नाही म्हणे. मग दोघंही बराच वेळ द्राक्षाच्या भावावर बोलले.

सात-आठ वर्षांचं कोडं मात्र माझ्या डोक्यात राहिलंच. इंग्लंडमधे एक ट्रायल झाली होती, याच हळू चालणाऱ्या आजाराची, त्रास नसलेल्या पेशंटांना लगेच गोळ्या सुरू कराव्यात की वाट बघावी. ३०९ जण. पेशंट घेतले १९८१ ते १९९० मधे, आणि सगळा लांबचा हिशेब छापून आला २००३ साली. उत्तर काय, तर लगेच सुरू केल्यानं आयुष्य वाढत नाही. आमच्या मिरजेच्या डॉक्टरांनी मामीला जे "काहीच करायचं नाही" सांगितलं त्याच्या मागं ही माणसं होती, त्यातली कितीतरी निकालाआधीच गेलेली. आता डॉक्टर लोक जवळच्या खुणा शोधतात, म्हणजे अडीच वर्षांनी स्कॅन पूर्ण स्वच्छ आहे का, किंवा दोन वर्षांच्या आत आजार परत आला का, आणि त्यावरनं पुढचा अंदाज बांधतात. चांगलंच आहे ते. पण लवकर दिसणारी खूण आणि माणूस किती जगला, या दोन गोष्टी दरवेळी हातात हात घालून जात नाहीत, रिटक्सिमॅब दोन वर्षं चालू ठेवून बघितलं त्या मोठ्या ट्रायलमधे आजार लांब राहिला पण दहा वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडं सारखंच. मला विचाराल तर आजार लांब राहिलेली वर्षंसुद्धा वर्षंच असतात. मामीला विचाराल तर ती म्हणेल, तो काळ मोजायला तुमच्या गोळ्यांच्या वेळा आणि मुंबईच्या खेपा पण धरा.

मी स्वतः काय मत देणार होते, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. कुणी विचारलंही नाही म्हणा. एक लबाडी मात्र मनात सारखी चालायची, की मामांनी ट्रायलमधे जावं पण औषधाच्या बाजूला जावं. म्हणजे खोट्याच्या बाजूला दुसऱ्या कुणीतरी जावं. औरंगाबादचं असेल, नागपूरचं असेल, त्याचीही कुणी भाची असेल बँकेत. आणि आयडेलालिसिबचं आठवलं की लगेच उलटं, नको बाई, साध्याच बाजूला पडू देत. एकाच रात्रीत दोन्ही देवाला सांगून झालं. गणपतीला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

मामांनी सही केली. का केली ते मी विचारलं नाही, भाषण देतील अशी भीती होती. त्यांची एकच अट होती आणि ती त्यांनी कोऑर्डिनेटर मुलीला फोनवर घातली, की ऑक्टोबर छाटणीत तारखा द्यायच्या नाहीत. ती म्हणाली, प्रत्येक तारखेला अलीकडं-पलीकडं तीन दिवस चालतात, त्याच्यापुढं नाही. मामा म्हणाले, तीन दिवसांत पाऊस येऊन जातो पोरी. शेवटी छाटणी त्यांच्या पोरानं केली आणि ती कशी चुकली हे आम्ही अजून ऐकतोय.

ट्रायलमधे त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डायरी. रोज कॅप्सूल किती वाजता घेतली, काय झालं, ताप, पुरळ, जुलाब, सगळं लिहायचं. चूक झाली तर गिरवायचं नाही, पांढरं लावायचं नाही, एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही आणि तारीख. "ह्येला म्हणत्यात हिशेब," ते मला म्हणाले, जणू काही बँकेत आम्ही शाई ओतून ठेवतो. पुढच्या एका भेटीला त्यांच्या डायरीत लिहिलेलं होतं, डोकं जड, मळमळ, संध्याकाळपर्यंत. डॉक्टरांनी विचारलं त्या दिवशी वेगळं काही केलं होतं का. मामांनी सांगून टाकलं की ब्लोअर चालवला, फवारणी होती. पांढऱ्या पेशी कमी असताना फवारणी करता म्हणून डॉक्टर चिडले, मामीनं संधी साधून जुन्या बीएचसी या कीटकनाशक पावडरीपासनं सगळ्या तक्रारी सांगितल्या, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता मारायचे हे. मी मधेच विचारलं की त्या पावडरीनंच झालं असेल का हे सगळं. त्या पावडरीतलं लिंडेन २०१५ मधे कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत गेलं, तेही लिम्फोमासाठीच, हे मी वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, एका माणसापुरतं तसं कधीच सांगता येत नाही. मग त्यांनी त्यांच्या कागदावर त्या डोकेदुखीपुढं, ट्रायलच्या औषधाशी संबंध, या रकान्यात "नाही" वर खूण केली.

मामा वाकून बघत होते. म्हणाले, "सायेब, त्या दिवशी सकाळी कॅप्सूल पण घेतली हुती आन ब्लोअर पण चालवला हुता. दोन्ही एकाच दिवशी. मंग न्हाई कसं लिवता तुमी?"

डॉक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. मग पेन उघडलं, "नाही" वरच्या खुणेवर एकच रेघ मारली, "शक्य आहे" वर खूण केली, शेजारी सही केली आणि मामांना तारीख विचारली.